कारवाई चिपवर करा, पान्यावर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पिकअप गाड्यांच्या घरगुती ट्यूनिंगला आळा घालावा, असे सुचवणारा मजकूर आपल्या अंकात वाचला. त्यातला निम्मा भाग मला मान्य आहे. उरलेल्या निम्म्यात मात्र चिप किंवा लॅपटॉप जोडून इंजिनाची ताकद वाढवणारा आणि स्वतःच्या खळ्यात गाडीखाली शिरून फाटका होज (रबरी नळी) बदलणारा, या दोघांना एकाच दावणीला बांधले आहे. मी एसटीच्या कार्यशाळेतून प्रमुख कारागीर म्हणून निवृत्त झालो. आता देवगड तालुक्यात घरी असतो. पुतण्याची अडीच लिटरची टर्बो डिझेल पिकअप आणि वाडीतल्या आणखी काही गाड्या माझ्या हाताखालून जातात. पैसे घेत नाही, त्यामुळे धंदा बुडायच्या भीतीने लिहितो आहे असे कोणी समजू नये.

लोक घरी बॉनेट का उघडतात, ते आधी सांगतो. एप्रिल-मेमध्ये इथल्या पिकअप संध्याकाळी आंब्याच्या पेट्या भरून निघतात. फोंडा घाट चढायचा, दाजीपूर-राधानगरीवरून उजाडता उजाडता कोल्हापूरचे मार्केट गाठायचे. घाटात गाडी अडकली तर त्या दिवसाचा सौदा गेला आणि पेटीतला तयार आंबा कोणासाठी थांबत नाही. हंगामात सर्व्हिस सेंटरला नंबर मिळेपर्यंत चार दिवस जातात. तिथवर गाडी न्यायची म्हणजे एक भाडे बुडालेच. अशा वेळी बागायतदार पाना हातात घेतो, तो हौस म्हणून नव्हे.

गेल्या हंगामातली गोष्ट. पुतण्या म्हणाला, "काकानू, गाडी चढावाक ओढणाच नाय, आणि धूर मात्र काळो सोडता." सपाटीला ठीक, पण तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढताना जीव नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला तेव्हा पी०२९९ हा कोड आला. याचा अर्थ टर्बोचा, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्याचा, दाब लागतो त्यापेक्षा कमी पडतो आहे. तेवढ्यावर त्यांनी पूर्ण टर्बो बदलण्याचे एस्टिमेट हातात ठेवले. आता कोड हे लक्षण सांगतो, रोग सांगत नाही. दाब कमी पडायला एअर फिल्टर तुंबलेला चालतो, टर्बोचा दाब आवरणारी वेस्टगेट झडप हलवणाऱ्या ॲक्चुएटरचा दांडा गंजलेला चालतो (आमच्या खाऱ्या हवेत हे नेहमीचेच), सेन्सरची वायर उंदराने कुरतडलेली चालते आणि टर्बोकडून इंटरकूलरकडे (ती हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारा रबरी होज फुटलेला असला तरी हाच कोड येतो.

आम्ही सोप्याकडून सुरुवात केली. एअर फिल्टर काढून पाहिला, बरा होता. मग टर्बोचे तोंड मोकळे करून त्याचा आतला दांडा बोटांनी हलवून बघितला. टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, त्यामुळे तो आडवा किंचित हलणे हा दोष नव्हे. आत-बाहेर खेळत असेल किंवा पात्यांच्या कडा घराला घासल्याच्या खुणा असतील, तर मात्र टर्बो गेला समजावे. यातले काही नव्हते. टर्बोचे तोंड बंद करून पाइपात कॉम्प्रेसरने अगदी बेताने हवा भरली आणि जोडांवर साबणाचे पाणी लावले. इंटरकूलरच्या खालच्या होजवर, क्लॅम्पच्या बरोबर आत, फेस आला. वरून होज धड दिसत होता. तेलाच्या वाफेने रबर आतून मऊ पडून चिरले होते, आणि ती चीर दाब आला की उघडायची, दाब गेला की मिटायची. नवा होज, दोन क्लॅम्प, एवढाच खर्च. गाडी त्याच रात्री पेट्या भरून गेली.

हे सांगायचे कारण आमच्या हुशारीचे कौतुक व्हावे हे नाही. टर्बो बदलला असता तर तोच फाटका होज नव्या टर्बोला लागला असता आणि तक्रार जागच्या जागी राहिली असती. उलटही घडते. टर्बो खरोखर गेलेला असतो, पण तो का गेला हे कोणी बघत नाही. तेल पोचवणाऱ्या बारीक नळीत काजळी धरलेली असते, किंवा आधीच्या मेकॅनिकने गॅस्केटऐवजी थापलेल्या सिलिकॉन पेस्टचा तुकडा अडकलेला असतो. ती नळी तशीच ठेवून बसवलेला नवा टर्बो थोड्याच दिवसांत जुन्याच्या वाटेने जातो. नवा टर्बो बसवताना त्याच्या तेलाच्या भोकात आधी स्वच्छ तेल सोडावे लागते. नाहीतर पहिली काही सेकंदे तो कोरडाच फिरतो. घाट चढून आल्या आल्या इंजिन बंद करू नये, मिनिटभर मंद चालू द्यावे, हेही त्यातलेच. किल्ली फिरवली की तेल थांबते आणि तापलेल्या बेअरिंगमध्ये उरलेले तेल जळून कोळसा होते. एवढे सांगून पोरे ऐकत नाहीत; चहाच्या टपरीपुढे पहिले काम किल्ली काढण्याचे.

घरी सगळेच करता येते असे मी म्हणत नाही, आणि करूही नये. एसटीत आमच्या जुन्या इनलाइन पंपाच्या इंजिनात कोणता सिलिंडर मार खातो हे शोधायला आम्ही चालू इंजिनावर इंजेक्टरच्या, म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या नोजलच्या, पाइपचा नट सैल करायचो. ती सवय असलेले जुने हात अजून आहेत, आणि आजच्या कॉमन रेल इंजिनावर ती सवय हात गमावून बसवील. रेल म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी एकच नळी. तिच्यात डिझेलचा दाब हजार बारच्या, म्हणजे साध्या हवेच्या दाबाच्या साधारण हजारपटीच्या, पुढे जातो. एवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. बाहेर टोचल्याएवढे दिसते आणि आत मांस सडते. असे झाले तर घरी हळद लावत न बसता तडक इस्पितळ गाठायचे आणि डॉक्टरांना डिझेलची धार आत गेली आहे हे सांगायचे.

दुसरा धोका इंजिन पळण्याचा. टर्बोचे सील गेले की इंजिनाचे स्वतःचे तेल हवेच्या वाटेने आत जाते आणि इंजिन त्या तेलावर चालू लागते. किल्ली काढली तरी थांबत नाही, वेग वाढतच जातो. तेव्हा वरच्या गिअरमध्ये ब्रेक दाबून क्लच सोडून गाडी बंद पाडायची, किंवा हवेचे तोंड जाड फळीने झाकायचे. हाताने किंवा फडक्याने नाही, ते आत ओढले जाते. निळा धूर दिसू लागला, तेल वरचेवर कमी होऊ लागले, की समजावे हे जवळ आले आहे. जळक्या तेलाचेही सांगून टाकतो. ते माडाच्या मुळाशी किंवा व्हाळात ओतणारे घरगुती मेकॅनिक मला ठाऊक आहेत. त्यांना जरूर दंड करा.

आता त्या चिपविषयी. हमरस्त्यावरच्या दुकानांत मिळणारा स्वस्त डबा रेलच्या दाबाच्या सेन्सरला जोडतात. तो ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, खोटेच सांगतो की दाब कमी आहे. ईसीयू बिचारा दाब वाढवतो, डिझेल जास्त पडते, गाडी जोर धरल्यासारखी वाटते. दुसरा प्रकार लॅपटॉपने ईसीयूतला प्रोग्रॅमच बदलण्याचा. दोन्हींत जादा डिझेलबरोबर धुराचे तापमान चढते, आणि ते सोसायचे पिस्टनच्या माथ्याने आणि टर्बोच्या पात्यांनी. ही ताकद विकत घेणारे बहुतेक जण ठरल्याहून जास्त माल भरणारे असतात. चिपने गाडी फोंड्याचा घाट चढेल. परतीच्या उतारावर ब्रेक मात्र कंपनीने दिले तेवढेच राहणार. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाबद्दल कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे वापरावे, माझी तक्रार नाही. पण त्यात मालक सापडतो. डबा विकणारा दुकानात बसून पुढच्या गिऱ्हाइकाला तोच डबा दाखवत असतो.

ईजीआर वॉल्व्हच्या, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेच्या, तोंडावर पत्रा मारून तो बंद करण्याची टूमही अशीच. वॉल्व्हला काजळी धरते, कोड येतो, मग कोणीतरी सांगतो की पत्रा मार, कटकट जाईल. वॉल्व्ह काढून, काजळी खरवडून, धुऊन परत बसवणे हे अर्ध्या दिवसाचे काम असते, तेवढा धीर नसतो. पत्रा मारल्याने नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे वाढतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीचा फक्त धूर मोजतात, तोही उभ्या गाडीची रेस वाढवून. ईजीआर बंद केलेली गाडी तिथे उलट कमी धूर दाखवते! म्हणजे ज्या तपासणीवर आपण विसंबून आहोत, ती हा गुन्हा पकडतच नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ असतो, तोही कापून आत पोकळ नळी घालणारे कारागीर निघाले आहेत.

डीपीएफ कापणाऱ्याची बाजू मी घेत नाही, पण तो तिथपर्यंत कसा येतो ते बघा. वाडीतून बागेत आणि बागेतून वाडीत असे छोटे फेरे मारणाऱ्या गाडीचा डीपीएफ पुरेसा तापत नाही, म्हणून साचलेली काजळी जळत नाही आणि दिवा लागतो. लांब रस्त्यावर एका वेगाने अर्धा तास गाडी चालवली तर बरेचदा काम भागते, हे त्याला गाडी विकताना कोणी सांगितलेले नसते. ती वेळ निघून गेली की स्कॅनरने हुकूम देऊन काजळी जाळावी लागते. नवा इंजेक्टर घातला तर अनेक गाड्यांत त्याच्यावरचा क्रमांक ईसीयूत भरावा लागतो. मोबाइलला जोडायचा स्वस्त स्कॅनर कोड वाचतो, पण ही कामे त्याच्याने होत नाहीत. त्याला कंपनीचे साधन लागते आणि ते गावातल्या मेकॅनिकला मिळत नाही. सरळ दरवाजा बंद असला की माणूस लॅपटॉपवाल्याच्या खिडकीतून आत शिरतो.

सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे. चांगलेच झाले. पण पोर्टल असणे वेगळे आणि वायरिंगची आकृती, कोडांचे अर्थ, बोल्ट किती ताणाने आवळायचा याचा तक्ता मराठीत छापून मेकॅनिकच्या भिंतीवर लागणे वेगळे.

आपण कारवाईची मागणी केली आहेच, तर तिच्या जोडीला आणखी एक मागणी लावून धरावी. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल हा ट्रेड शिकवतात. तालुक्याच्या आयटीआयला सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना चालणारा एक चांगला स्कॅनर द्यावा आणि फी घेऊन ठरलेल्या वारी तो बाहेरच्या गाड्यांना लावू द्यावा. मुलांना खऱ्या बिघाडांवर हात बसवता येईल आणि गाडीवाल्याला दुसरे मत मिळेल. हे मार्चच्या आत झाले तर आंब्याच्या गाड्यांना उपयोग. मेच्या शेवटी मिळालेला स्कॅनर पावसात कपाटातच राहायचा. शिकवायला माणूस कमी पडत असेल तर मी यायला तयार आहे, फक्त सकाळच्या एसटीने येईन आणि दुपारच्या एसटीने परत जाईन, तेवढे वेळापत्रक जुळवावे.

आपला,
एक निवृत्त एसटी कारागीर,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग