एमबी (मोजमाप पुस्तिका) वाचायला शिकवणाऱ्या अभियंता साहेबांना

आदरणीय साहेब,
सप्रेम नमस्कार.

‘रस्ता वर्षभरात का उखडला?’ असं माहितीच्या अधिकारात विचारलं की अर्ज तिथेच संपतो. कायद्याने मिळते ती कार्यालयाच्या कागदावर असलेली माहिती. खुलासा मिळत नाही. मग कोणता कागद मागायचा, हे निवृत्तीनंतर तुम्ही गावोगावच्या लोकांना बसवून शिकवता. त्याबद्दल तुमचे जाहीर आभार.

आधी देयकाची, म्हणजे ठेकेदाराच्या बिलाची, प्रत मागा, हा तुमचा पहिला धडा. देयकावर मोजमाप पुस्तिकेचा, म्हणजे कामाची मापं नोंदवलेल्या वहीचा (एमबीचा), क्रमांक आणि पान असतं. तेवढं हाती आलं की ‘रेकॉर्ड सापडत नाही’ हे उत्तर देणं अवघड जातं. पुढचा हिशोब शाळेतल्या पोरालाही जमतो. एमबीत नोंदलेलं 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर जाड काँक्रीट म्हणजे 45 घनमीटर. जागेवर जाडी 10 सेंटिमीटर भरली तर 30. म्हणजे 15 घनमीटरचे पैसे न टाकलेल्या काँक्रीटचे गेले! पण नुसती कडेला टेप लावून खूश होऊ नका, हेही तुम्ही बजावता. कड भरीव ठेवून मध्ये पातळ थर देता येतो. त्यासाठी मधला नमुना हवा, आणि कामाची पाहणी करण्याचा, साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2 मध्येच आहे. एमबीत खोडरबर चालत नाही, चुकलेल्या आकड्यावर रेघ मारून सही करावी लागते. बिनसहीची खाडाखोड दिसली, तर त्या पानाची प्रत आधी घ्यावी.

अर्ज साधाच: जोडपत्र ‘अ’ हा ठरलेला नमुना, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. पाच वर्षांच्या सगळ्या कामांची माहिती एकदम मागणारा अर्ज हमखास अडकतो. आधी कागदपत्रांची पाहणी मागावी, तिचा पहिला तास विनाशुल्क असतो; मग हवी तेवढीच पानं 2 रुपये दराने घ्यावीत.

खरी गळती होते ती मुदतीत. 30 दिवसांत उत्तर आलं नाही की लोक वाट बघत राहतात आणि पहिल्या अपिलाचे पुढचे 30 दिवस निघून जातात. तुम्ही मात्र अर्ज देतानाच पोचपावतीच्या मागे दोन्ही तारखा लिहून घ्यायला लावता, अपिलाचा 20 रुपयांचा स्टॅम्पही तेव्हाच आणून ठेवायला सांगता. मुदत टळल्यावर दिलेली माहिती विनाशुल्क द्यावी लागते, हेही कितीतरी जणांना तुमच्यामुळेच कळलं.

ज्या खात्यात उमेदीची वर्षं गेली, त्याच खात्याच्या वह्या लोकांसमोर उघडून दाखवायला धाडस लागतं. ते तुम्ही केलंत, आणि कुणाकडून चहापलीकडे काही घेतलं नाहीत.

आता एक विनंती. निविदांचा तुलनात्मक तक्ता कसा वाचायचा, तेही एकदा शिकवा. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेआधी वेळ काढता आला तर फार बरं होईल.

आपले कृतज्ञ,
ग्रामसभेचे सदस्य