अंगणातली खडी आणि रोजची दहा घमेली

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत दोन दिवसांत अंगणाचा कायापालट करायचा लेख आला होता. फोटो सुंदर होते, खडी, मधे कोरफड, चालायला फरशीचे तुकडे, सगळं छान, पण "शनिवारी सुरू करा, रविवारी संध्याकाळी चहा प्या" हे वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. मी बार्शीची, शाळेतून रिटायर होऊन चार वर्षं झाली, आणि घरापुढच्या १५ बाय २० फुटांच्या जागेत मी अगदी अशीच बाग एकदा एका दिवसात करून घेतली होती. ती एका पावसाळ्यात गेली. नंतर जी केली ती सगळी हळूहळू, माझ्या गुडघ्याला झेपेल तशी, आणि ती अजून टिकून आहे.

खडीच्या बागेचं डोक्यात कसं आलं ते सांगते. मुलगी इंग्लंडमध्ये असते, तिच्याकडे गेले तेव्हा तिने एसेक्समध्ये कोल्चेस्टरजवळ एल्मस्टेड मार्केट म्हणून गाव आहे तिथली बेथ चॅटो या बागकामासाठी नावाजलेल्या बाईंची बाग दाखवायला नेलं. पूर्वी तिथे गाड्या लावायचं पार्किंग होतं, १९९१ च्या सुमारास बाईंनी त्या जागेवर खडीची बाग करायला घेतली. इंग्लंडातला तो अगदी कोरडा भाग, वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे जवळजवळ आपल्या सोलापूर जिल्ह्याइतकाच, आणि त्या बागेला वरून पाणी देत नाहीत. बाई २०१८ मध्ये वारल्या पण बाग तशीच चालू आहे. मी तिथे उभी राहून विचार करत होते की आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघत कुंड्या जगवायच्या, आणि इथे ही एवढी फुलं नुसत्या पावसावर.

पण घरी येऊन मी घाई केली. तिकडे तेवढाच पाऊस बारा महिन्यांत थोडा थोडा विभागून पडतो, आपल्याकडे चार महिन्यांत, आणि त्यातही आमच्याकडे जोर सप्टेंबरमध्ये, हे लक्षातच घेतलं नाही. त्या बाईंनी आधी जमीन खोल फोडून कंपोस्ट मिसळून घेतलं होतं, ते ऐकलं होतं पण मनावर घेतलं नाही. मे महिन्यात अर्धा ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) खडी मागवली, दोन माणसं लावली, संध्याकाळपर्यंत काळ्या मातीवर सगळी पसरून मोकळे. फोटो काढून मुलीला पाठवला. मग सप्टेंबरचा पाऊस झाला आणि एके दिवशी सकाळी तुळशीला पाणी घालायला गेले तर चपलेखाली पचकन आवाज आला, बघते तर दोन खड्यांच्या मधून काळा चिखल वर आलेला, आणि टाचेचा ठसा चांगला दोन इंच खोल. दसऱ्यापर्यंत निम्मी खडी दिसेनाशी झाली होती आणि तिच्यातून लव्हाळा तरारून वर आलेला.

समोर काम करणारे गवंडी मामा बघून म्हणाले, "बाई, काळी माती खडी गिळते. पावसात फुगते, उन्हात भेगा पडतात, त्या भेगांत खडी जाते. आधी मुरूम टाकायचा असतो." एवढं साधं वाक्य, पण ज्या ज्या लेखात खडीची बाग वाचली त्यात ते कुठेच नव्हतं, कारण बहुतेक लेख आपल्या मातीवर लिहिलेले नसतातच. आपल्या वाचकांसाठी हे ठळक छापा अशी विनंती आहे.

मग दिवाळीनंतर पुन्हा सुरुवात केली. यावेळी मजूर लावले नाहीत, पैशाचाही प्रश्न होता आणि मला कळलंही होतं की यातलं अर्धं काम म्हणजे वाट बघणं आहे. लव्हाळ्याचंच बघा. वरचं गवत उपटून काही होत नाही, खाली गाठी असतात, एक गाठ राहिली की पंधरा दिवसांत परत कोंब. म्हणून एक चार फुटांचा तुकडा घ्यायचा, खुरप्याने गाठी काढायच्या, पाणी मारायचं आणि दोन-तीन आठवडे सोडून द्यायचा, राहिलेल्या गाठी उगवल्या की परत खणायचं. असं तीनदा केलं तेव्हा तो तुकडा स्वच्छ झाला. हरळीचंही तसंच. हे कोणी दोन दिवसांत करून दाखवावं, मी त्यांच्या पाया पडेन. काही जण खडीखाली प्लॅस्टिक अंथरतात, आमच्या गल्लीत एकांनी अंथरलंय, पावसाचं पाणी आत मुरत नाही ते नाहीच, पण वर धूळ साठून त्या धुळीतच गवत उगवलंय.

मुरूम पाऊण ब्रास लागला, तीन इंचाचा थर, थोडा थोडा टाकून पाणी मारून धुमसून घेतला. झाडांच्या जागी आधीच खड्डे ठेवून त्यात शेणखत आणि माती भरली. वर दोन इंच खडी. हिशोब सोपा आहे, अर्धा ब्रास म्हणजे ५० घनफूट, दोन इंचाच्या थराने बरोबर ३०० चौरस फूट झाकले जातात. पण ती अर्धा ब्रास खडी म्हणजे साधारण दोन टन वजन, आणि माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले जड उचलू नका, चालत रहा. म्हणून मी घमेलं अर्धंच भरायचे, रोज सकाळी साडेसहाला दहा घमेली, अकरावं नाही. मुरमाला सव्वा महिना लागला, खडीला महिनाभर, मधे गुडघा सुजला तेव्हा आठवडाभर हात लावला नाही. शेजारच्या वहिनी रोज विचारायच्या, संपलं का हो, मी म्हणायचे मार्चपर्यंत संपेल. मार्चमध्ये संपलं.

हे सगळं सविस्तर यासाठी लिहिलं की साठी ओलांडलेल्या कितीतरी बायका आणि काकालोक अशी बाग करू शकतात पण तुमच्या पुरवणीतल्यासारखे लेख वाचून त्यांना वाटतं की आपल्याकडून होणार नाही, मग कॉन्ट्रॅक्टरला बोलवून अख्ख्या अंगणात पेव्हर ब्लॉक नाहीतर सिमेंट टाकून घेतात. आमच्या गल्लीत एवढ्यात चार अंगणं बंद झाली. पाऊस पडला की ते सगळं पाणी रस्त्यावर येतं आणि बोअर मात्र फेब्रुवारीतच आटतो. मला याचं फार वाईट वाटतं.

झाडांबद्दल. कुर्डुवाडी स्टेशनवर गाडीची वाट बघताना रुळांच्या बाजूला काय उगवलंय ते बघायची मला सवय लागली, कारण तिथे कोणी पाणी घालत नाही. तरवड, सदाफुली, रुई. मी तरवडाच्या बिया आणून थेट खड्ड्यात टाकल्या. कोरफड, घायपात, चिनी गुलाब, गवती चहा, आणि रेनलिली, जिला पहिला पाऊस झाला की चार दिवसांत फुलं येतात. पहिल्या उन्हाळ्यात सगळ्यांना आठ दिवसांतून एकदा पाणी दिलं, दुसऱ्या उन्हाळ्यात फक्त गवती चहाला आणि कडेच्या मोगऱ्याला.

खोटं सांगणार नाही, काळी खडी एप्रिल-मेमध्ये प्रचंड तापते. दुपारी अनवाणी पाय ठेवता येत नाही आणि भिंतीला लागून टाकली तर घरातही झळ येते, म्हणून भिंतीपासून तीन फूट मी सोडले आणि पश्चिमेला शेवगा लावला. पानं पडली की खराट्याने काढत राहावं लागतं, नाहीतर ती कुजून त्याची माती होते आणि गाजर गवत तिथेच धरतं. गाजर गवत फुलायच्या आत, पाऊस झाल्यावर, हातमोजे घालून उपटायचं, त्याने अंगाला खाज सुटते.

गेल्या एप्रिलमध्ये एक दिवस सकाळी तरवडाजवळची खडी हाताने बाजूला केली. वरचे खडे कोरडे ठणठणीत, खालचा मुरूम थंड आणि बोटाला चिकटेल इतका ओलसर. कुंपणापलीकडच्या मोकळ्या जागेत तेव्हा बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. मी वहिनींना हाक मारून त्यांचा हात धरून तिथे लावला. त्यांनी यंदा त्यांचा दाराजवळचा कोपरा खणायला घेतलाय, रोज पाच घमेली.

तेव्हा पुरवणीत पुढच्या वेळी कोरडवाहू गावांसाठी महिन्यांप्रमाणे काहीतरी द्या, कार्तिकात काय करायचं, माघात काय, काळी माती असेल तर काय, मुरमाड असेल तर काय. कुणाला लागली तर बागेच्या नोंदींची माझी वही मी पाठवायला तयार आहे.

माझा मागच्या बाजूचा, न्हाणीजवळचा तुकडा अजून व्हायचाय. लव्हाळा तिथे दुसऱ्यांदा उगवलाय, अजून एकदा खणावा लागेल, मुरूम पुढच्या दिवाळीनंतर.

आपली,
एक वाचक, बार्शी