आई, मोठ्यानं वाच

कोल्हापूर,
रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, चष्म्याशी झटापट नको, आईला वाचू दे. फोनवर सांगायला गेलो की आईचं 'जेवलास का?' आधी येतं आणि मुद्दा राहून जातो. चित्रं काढायला म्हणून ३१ मार्चला शाळेची नोकरी सोडली. राजीनामा मंजूरही झालाय. आई, इथं थांबू नको, पुढं वाच.

हिची पतसंस्थेतली नोकरी आहे. शनिवार-रविवारच्या वर्गाला ११ पोरं येतात. फोटोवरून पोर्ट्रेटची दोन कामं हातात आहेत. दोन्ही गेलेल्या माणसांची. घरच्यांना चेहरा जरा हसरा पाहिजे असतो आणि नेमका फोटोत तो नसतो! तुम्हाला पाठवतो ते पैसे चुकणार नाहीत. एवढे मोठे चित्रकार आबालाल रहिमान कोटीतीर्थाच्या तळ्यावर फकिरासारखे राहिले, हे तुम्हीच सांगायचा, आणि वर 'चित्रं बघ, तसा राहू नको' म्हणायचा. नाही राहणार. तेवढा मोठाही नाही मी.

फ्लेक्स आल्यावर तुमचे पाट्या रंगवायचे ब्रश डब्यात वाळले, ते बघितलंय मी. त्या भीतीनं मला ड्रॉइंग मास्तर केलंत. चुकलं नाही तुमचं, १४ वर्षं त्याच पगारावर घर चाललं. पण रंकाळ्यावर जलरंगाचा पहिला वॉश ओला असतानाच शाळेसाठी उठायला लागायचं. परत बसेपर्यंत कागद वाळलेला, संध्यामठावरचं ऊन सरकलेलं.

लक्ष्मीपुरीत तुम्ही पाट्या रंगवायचा, मी शिडी धरायचो. शिरोरेघ तुम्ही श्वास रोखून एका दमात ओढायचा. परवा पलीकडच्या काठाची रेघ ओढताना माझाही श्वास आपोआप रोखला गेला. आई रॉकेलनं आपल्या दोघांचे हात पुसायची, तरी भाताला टर्पेंटाइनचा वास यायचाच.

आता ऐका. दिवाळीत माझं रंकाळ्याचं चित्र बघून म्हणालात, 'आभाळ मळकं पिवळं का केलंयस?' खोटं कशाला बोलू, चार दिवस लागलं होतं. मग डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. त्यात निळं फिकं पडतं, सगळ्यावर पिवळट झाक येते. चित्रकार म्हणवतो आणि हे माझ्या आधी ध्यानात आलं नाही.

तेव्हा 'पिकू दे', 'थंडीत करू' बंद. ऑपरेशन याच महिन्यात, दोघं इकडं माझ्याकडं या. बहुतेक त्याच दिवशी घरी सोडतात. शुगर आधी तपासायची. चहात चोरून साखर घालता ते आईनं सांगितलंय. नंतर डोळा चोळायचा नाही, थेंब मी घालणार. आता घरीच असतो की! खालच्या खोलीतनं माझं सामान वर नेलंय, तिथं तुमची कॉट टाकलीय. आईच्या गुडघ्यांसाठी कमोड बसवलाय. रात्री गंगावेशीतलं ताजं दूध आणीन, बिनसाखरेचं. तिकडं म्हशीचं काका बघतील, बोललोय त्यांच्याशी, ती सबब सांगू नका.

त्या चित्रावर अजून सही केलेली नाही. पट्टी निघाल्यावर बघा. तरीही आभाळ मळकंच दिसलं तर सांगा, नवा कागद घेतो.

तुमचा,
बाळू

ता. क. आई, लोणच्याची बरणी आणू नको, एसटीत फुटते. आणायचीच असली तर छोटी आण.