आधी लाईन, मंग डबा: जिभाऊंना आभाराचं पत्र

आदरणीय जिभाऊ,
सा. न. वि. वि.

घरचा गेमिंग पीसी सुरळीत चालू आहे. समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा घे आधी" म्हणून विषय बदलता, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं हे पत्र लिहितेय. पाचोरा, भडगाव, चाळीसगावकडची कितीतरी मुलं पार्ट्सच्या याद्या घेऊन फिरत असतात. तुम्ही माझ्यासाठी काय केलंत, हे त्यांनाही कळायला हवं.

एका दुकानातून मिळालेलं कोटेशन मी तुमच्याकडे आणलं होतं. 'आय५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, ५०० वॅट एसएमपीएस', एवढंच. तुम्ही खिशातलं पेन काढलंत आणि प्रत्येक ओळीपुढे प्रश्न लिहीत गेलात. आय५ कितव्या पिढीचा? २०१३ मध्ये आलेला चौथ्या पिढीचाही आय५ आणि २०२२ चा १२४००ही आय५च. दोघांचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, वेगळं, आणि ती ज्यावर असते तो मदरबोर्डही वेगळा. रॅम डीडीआर४ की डीडीआर५? दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसतच नाही. कार्डाचं मॉडेल कुठंय? एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा भाग, कोणत्या कंपनीचा? किमतीबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. "मॉडेल नंबर नाही, तर घासाघीस कशाची करणार?" एवढंच म्हणालात.

मग उलट मलाच विचारलंत: मॉनिटर कोणता आहे, गेम कोणते, पीसी कोणत्या खोलीत ठेवणार, वीज किती वेळा जाते. मॉनिटर साधा फुल एचडी आहे म्हटल्यावर ८ जीबीच्या आरएक्स ६६०० वर बोट ठेवलंत. त्याहून मोठं कार्ड घ्यायचा पप्पांचा उत्साह तुम्ही किती गोडीने थोपवलात! त्याच्या जोडीला सहा कोरचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर, एएम४ सॉकेटचा. त्यात अंगचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे मॉनिटरची केबल बोर्डाला न लावता कार्डालाच लावायची, हे तुम्ही आधीच कागदावर लिहून दिलंत.

बोर्डाच्या वेळचं मला फार आवडलं. बी४५० बोर्ड स्वस्त मिळत होता आणि सॉकेटही तेच होतं. तुम्ही कंपनीच्या साईटवरची सीपीयू सपोर्ट लिस्ट उघडलीत आणि ५६०० च्या ओळीतला शेवटचा रकाना दाखवलात. बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरच्या, म्हणजे बायोसच्या, कोणत्या व्हर्जनपासून तो प्रोसेसर चालतो, ते तिथे लिहिलेलं असतं. बी४५० आला २०१८ मध्ये, ५६०० आला २०२२ मध्ये. जुन्या स्टॉकमधला बोर्ड असला तर प्रोसेसर बरोब्बर बसेल, पंखे फिरतील आणि स्क्रीन काळीच राहील. म्हणून बी५५०, तोही बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला, म्हणजे गरज पडलीच तर पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येतो. दुकानदाराशी फोनवर बोलून बायोसचं व्हर्जन विचारणारं गिऱ्हाईक त्यांनी क्वचितच पाहिलं असेल.

एसएमपीएसचा हिशेब तर तुमचा हातखंडाच. भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये हयात घालवलेल्या माणसाला वॅट काय शिकवायचे! प्रोसेसरवर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी तो ८८ पर्यंत खेचू शकतो, कार्ड १३२, बाकी बोर्ड, पंखे, एसएसडी धरून तीनशेच्या आत. म्हणून चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा ब्रॉन्झ (कमी वीज वाया घालवणाऱ्या दर्जाचा) पुरे. दोन आठ पिनी प्लग हातात धरून दाखवलेत: प्रोसेसरचा चार-चारमध्ये सुटतो, कार्डाचा सहा-दोनमध्ये, आणि दोघांची प्लस-मायनसची बाजू उलटी असते. जोर लावून बसवायचा प्लग नाही, असं बजावलंत. यूपीएस घेतानाही व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर) आकडा सोडून वॅट वाचायला लावलेत.

आणि मग तुम्ही जे केलंत ते कुठल्याही व्हिडिओत सापडणार नाही. पार्ट्स यायच्या आधीच तुम्ही मल्टिमीटर घेऊन घरी आलात. "आधी लाईन पाहू, मंग डबा पाहू." पप्पांना वाटलं, भिंतीवरच्या बोर्डातला फ्यूज बघणार. तुम्ही माझ्या खोलीतल्या तीन पिनी सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल मोजलंत, मग फेज-अर्थ. दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. आमच्याकडे दुसरा पार खाली होता. म्हणजे सॉकेटला तिसरं भोक होतं, पण अर्थिंग नावापुरतंच. अशा घरात पीसीच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, कारण एसएमपीएसच्या फिल्टरमधली थोडी वीज अर्थमधून जायची असते आणि तिला वाट मिळत नाही. मागच्या अंगणातला खड्डा तुम्ही उकरायला लावलात, तार तुटलेली निघाली. नवी तार, मीठ, कोळसा सगळं तुमच्या देखरेखीखाली झालं, आणि आकडा जुळेपर्यंत तुम्ही उठला नाहीत. पीसीबरोबर आईची वॉशिंग मशीनही सुरक्षित झाली. तिने तुम्हाला दुवा दिलाय, तोही इथेच पोचवते.

उन्हाचा विचारही तुमचाच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पुढून सबंध काच असलेला कॅबिनेट दिसायला देखणा असला तरी हवा घेत नाही. खोली जेवढी तापते, साधारण तेवढंच प्रोसेसरचं तापमानही चढतं. २५ अंशांच्या खोलीत ७० दाखवणारा ४० च्या खोलीत ८५ ला टेकतो, आणि ५६०० ची मर्यादा ९० ची. म्हणून जाळीचा कॅबिनेट, पुढून हवा आत, मागून बाहेर, आणि कापसाच्या दिवसांतल्या धुळीसाठी धुता येणारी फिल्टर जाळी. १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर घेताना त्याची उंची कॅबिनेटमध्ये मावते का, तेही तुम्ही पट्टी घेऊन पाहिलंत.

जोडणी मात्र तुम्ही मला एकटीला करू दिलीत. रॅमच्या दोन पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, मग बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू. तुम्ही खुर्चीवर बसून मॅन्युअलचं पान धरून होतात, हात लावला नाहीत. पहिल्यांदा स्क्रीन उजळली तेव्हा माझ्याआधी तुम्हीच टाळी वाजवलीत. जिभाऊ, कॉम्प्युटर म्हटलं की आजपर्यंत सगळ्यांनी माझ्या भावाकडेच पाहिलं होतं. तुम्ही स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिलात, याचे आभार कसे मानायचे ते मला खरंच सुचत नाही.

मावशीचा मुलगा अमळनेरहून त्याची यादी पाठवतोय. मी त्याला आधी सगळे मॉडेल नंबर लिहायला सांगितलेत आणि सॉकेटमधलं फेज-अर्थ वायरमनकडून मोजून घ्यायलाही. रविवारी ती यादी घेऊन येते, सोबत आईने केलेल्या बिबड्याही आणते. काकूंना नमस्कार.

तुमची,
गल्लीतली पोरगी, पाचोरा