घर भाड्याने दिले, पत्ता मात्र तोच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आम्ही पुण्यात नऊ वर्षे भाड्याने राहतो आहोत आणि आताचे हे चौथे घर. चारही घरांत सामान लावून होण्याआधीच एक काम न सांगता अंगावर आले. ते म्हणजे घरमालकांचे टपाल सांभाळणे. बँकेची पाकिटे, विम्याच्या हप्त्याची पत्रे, कंपन्यांचे जाडजूड वार्षिक अहवाल, मतदानाच्या चिठ्ठ्या. मागच्या वैशाखात कोकणातून कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेली लग्नपत्रिका आली. मालक बंगलोरला. मी फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, पण पत्रिका आमच्या दारात पोचली तोवर लग्न होऊन दोन दिवस झाले होते. सध्याच्या घरी तर मालकांच्या दिवंगत वडिलांच्या नावानेही पत्रे येतात. ती टाकवत नाहीत आणि ठेवायची कुठवर, तेही कळत नाही.

एवढ्यावर भागले असते तर मी हे पत्र लिहिले नसते. आधीच्या घरी असताना एका दुपारी पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला. घरात सासूबाई एकट्याच होत्या. मालकांचे नाव वाचून, आपल्याच माणसाचे म्हणून त्यांनी सही केली आणि पाकीट देव्हाऱ्याखालच्या खणात नीट ठेवले. आम्हाला सांगायचे राहून गेले. दिवाळीच्या आवराआवरीत ते सापडले तेव्हा महिना उलटला होता. चेक न वटल्याबद्दल वकिलाने पाठवलेली नोटीस होती ती. अशी नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला कायद्याने 15 दिवस मिळतात. मालक दारात उभे राहून सासूबाईंना म्हणाले, "तुम्हाला सही करायला कोणी सांगितली होती?" चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. पुढे कित्येक महिने साधा कुरिअरवाला आला तरी त्या दार उघडत नसत.

नुकसान झालेल्या माणसाचा राग मी समजू शकते. पण हे गृहस्थ चार वर्षांपूर्वी ते घर सोडून गेले होते आणि बँकेत, व्यवहारात, सगळीकडे पत्ता तोच ठेवला होता. ती चूक सासूबाईंची कशी?

या प्रकरणानंतर मी थोडी चौकशी केली. 1897च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या 27व्या कलमानुसार बरोबर पत्ता घालून, तिकीट लावून रजिस्टरने पाठवलेले पत्र, उलट सिद्ध होईपर्यंत, पोचलेच असे धरले जाते. म्हणजे मी तिथे राहतच नव्हतो हे सिद्ध करण्याची धावपळ मालकाच्याच वाट्याला. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले, पण नोटिशी काही थांबलेल्या नाहीत.

भाडेकरूंनाही एक सांगावेसे वाटते. असे पत्र आले की नुसते "नको" म्हणू नका. पोस्टमनने "घेण्यास नकार" असा शेरा मारला, तर कोर्टात ते पत्र पोचल्यासारखेच धरले जाऊ शकते. "मालक इथे राहत नाहीत" असे स्पष्ट सांगा आणि तसाच शेरा मारून घ्या. सही करू नका, आणि दुसऱ्याचे पाकीट फोडण्याचा तर विचारही नको.

यातली सर्वांत मोठी गोम आमच्या करारात निघाली. आमचा लिव्ह अँड लायसन्सचा करार रीतसर नोंदवलेला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999च्या 55व्या कलमाने तो लेखी करून नोंदवणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची असते. त्या करारात मालकांचा राहण्याचा पत्ता म्हणून छापला आहे आम्ही राहतो तोच फ्लॅट, कारण आधार कार्डावर तो होता. कागदोपत्री दोन कुटुंबे एकाच दोन खोल्यांत राहतात! उद्या आमची अनामत रक्कम अडकली आणि मला नोटीस पाठवायची वेळ आली, तर ती माझ्याच दारात येऊन पडेल. एजंटने सही घेताना हे पाहिले नाही. आम्हीही पाहिले नाही, किल्ली हातात पडण्याची घाई होती.

सोसायटीचीही तीच तऱ्हा. मालक तिथे राहत नाहीत हे तिला पक्के माहीत असते, म्हणून तर त्यांच्याकडून बिनभोगवटा शुल्क घेतले जाते. तरीही वार्षिक सभेची नोटीस आमच्या पत्रपेटीत येते. त्या पेटीवर नाव मालकांचे, आणि पहिल्या घरी तर तिची किल्लीही मालकांनी बरोबर नेली होती. माझ्या धाकट्या बहिणीची राखी त्या पेटीत भाऊबीजेपर्यंत पडून होती.

पिन कोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला. तो देणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्याच कोकणातले, याचा मला अभिमान आहे. त्या सहा आकड्यांमुळे पत्र नेमक्या भागात पोचते. पण माणूस तिथून गेला आहे हे त्या माणसानेच कळवायला हवे. पोस्टात लेखी अर्ज देऊन टपाल नव्या पत्त्यावर वळवून घेता येते. मतदार यादीसाठी नमुना 8 आहे. गाडी असेल तर पत्ता बदलल्यावर 30 दिवसांत आरटीओला कळवावे, असे 1988चा मोटार वाहन कायदाच सांगतो. बँक आणि विमा यांना एक-एक अर्ज पुरतो. भाडे दर महिन्याला नव्या गावी बसून खात्यात जमा करून घेणाऱ्याला हे जड जाऊ नये.

माझी नोंदणी व मुद्रांक विभागाला विनंती आहे की, ऑनलाइन करारात मालकाचा पत्ता आणि भाड्याने दिलेल्या घराचा पत्ता एकच भरला गेला, तर तिथेच अडवून मालकाचा सध्याचा पत्ता विचारावा. त्याच अर्जात मालकाच्या टपालाचे काय करायचे यासाठीही एक रकाना असावा.

आमचा करार येत्या महिन्यात नव्याने होतो आहे. या वेळी मी दोन ओळी लिहून दिल्या आहेत: मालकांचा बंगलोरचा पूर्ण पत्ता, आणि त्यांच्या नावाचे नोंदणीकृत टपाल भाडेकरू घेणार नाही. मालकांनी त्या मान्य केल्या. वडिलांची पत्रे मात्र एका पिशवीत घालून ठेवा, येईन तेव्हा नेईन, असे ते म्हणाले. ती पिशवी मी कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली आहे.

आपली,
एक भाडेकरू वाचक, पुणे