मधुमेहाची गोळी आणि हाडांचा कर्करोग

संपादक महोदय,
स. न.

मधुमेहावरच्या गोळ्या हाडांच्या कर्करोगाला रोखतात, अशा बातम्या अधूनमधून वाचनात येतात. त्यांत तथ्य आहे; परंतु त्यांमागचा प्रयोग नेमका कशावर झाला, हेच त्यांत बहुधा सापडत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

मानवी पेशींत ‘केंद्रकीय ग्राही’ नावाची ४८ प्रकारची प्रथिने आहेत. संप्रेरके, ड जीवनसत्त्व किंवा अ जीवनसत्त्वापासून तयार होणारे रेटिनॉइक आम्ल यांपैकी काही त्यांना जोडले गेले, की ती डीएनएवर बसून ठरावीक जनुकांचे काम वाढवतात किंवा थांबवतात. प्रामुख्याने किशोरवयात होणाऱ्या ऑस्टिओसार्कोमा या हाडांच्या कर्करोगामध्ये हाड घडवणाऱ्या कुळातील पेशी अपक्व अवस्थेतच अडकून बेसुमार वाढत राहतात. त्यांना परिपक्व व्हायला भाग पाडले तर विभाजन मंदावेल, असा या औषधांमागचा विचार आहे. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले, की पीपीएआर-गॅमा या केंद्रकीय ग्राहीला चेतवणारे ट्रोग्लिटाझोन हे मधुमेहावरचे औषध आणि आरएक्सआर या दुसऱ्या ग्राहीला चेतवणारे ९-सिस रेटिनॉइक आम्ल या पेशींची वाढ रोखतात, आणि दोन्ही एकत्र दिल्यास परिणाम वाढतो. हे दोन ग्राही डीएनएवर जोडीनेच बसतात, हे लक्षात घेता यात नवल नाही.

मात्र हे घडले प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर. ट्रोग्लिटाझोन तर यकृताला होणाऱ्या गंभीर इजेमुळे अमेरिकेत २००० मध्येच बाजारातून मागे घेतले गेले होते. त्याच गटातील पायोग्लिटाझोनमुळे शरीरात पाणी साठून हृदयावर ताण येऊ शकतो, आणि ऑस्टिओसार्कोमाच्या नेहमीच्या उपचारातील डॉक्सोरुबिसिनही हृदयालाच इजा करते. शिवाय पीपीएआर-गॅमा अस्थिमज्जेतील मूळपेशींना हाडाऐवजी चरबीकडे वळवतो. ही औषधे घेणाऱ्या स्त्रियांमध्ये अस्थिभंगाचे प्रमाण वाढलेले आढळले आहे. गाठीने आधीच हाड पोखरलेल्या मुलाच्या बाबतीत ही बाब किरकोळ कशी मानावी?

म्हणून ही वाट सोडून द्यावी, असे मी म्हणत नाही. एका प्रकारच्या तीव्र रक्तकर्करोगात रेटिनॉइक आम्लाने पेशींना परिपक्व करण्याचा उपाय कमालीचा यशस्वी ठरला आहे. ऑस्टिओसार्कोमाचा उपचार मात्र मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन आणि शस्त्रक्रिया यांपलीकडे कित्येक दशके फारसा सरकलेला नाही, आणि रोग फुप्फुसांत पसरल्यावर हाती फार थोडे उरते. केमोथेरपीच्या जोडीने या औषधांच्या काटेकोर चाचण्या व्हायला हव्यात. तोवर, प्रयोग पेशींवर झाला, उंदरांवर की रुग्णांवर, हे बातमीच्या पहिल्याच परिच्छेदात छापावे, एवढी विनंती आहे. मुलाचा उपचार चालू असलेले आईवडील शेवटच्या परिच्छेदापर्यंत वाचतीलच, असे नाही.

आपला,
एक वाचक