डावा कान

नाशिकरोड, बुधवार रात्र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

चेन्नईच्या लष्करी अधिकारी अकादमीकडे तुझी गाडी सुटल्यानंतर रिक्षा घराशी येईपर्यंत तुझी आई माझ्याशी एक शब्दही बोलली नाही, त्यावरून शनिवारच्या भांडणात ती कोणाच्या बाजूने आहे ते मला समजले. समाजमंदिरातून परतताना तू म्हणालीस की, कारगिल युद्धातली माझी द्रासची गोष्ट तू चाळीस परक्या माणसांत सतरंजीवर बसून पहिल्यांदा ऐकलीस. मग तू एक प्रश्न विचारलास आणि मी अंगावर ओरडलो. ते ओरडणे मी मागे घेतो. प्रश्नाकडे नंतर येतो.

आधी कामाचे. काळ्या ट्रंकेच्या झाकणाच्या कप्प्यात फोमच्या बोळ्यांची डबी ठेवली आहे. बोळा चिमटीत वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने डोक्यामागून कान वर ओढावा, बोळा आत सरकवून तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. आम्ही कापूस घालत असू, घाईत तोही राहून जाई, आणि कापसाने फारसे काही अडतही नाही. शाखा कोणतीही मिळो, रायफलीच्या पहिल्या सरावापासून बोळे वापर.

माझा डावा कान १९९९ च्या उन्हाळ्यात गेला, हे तुला माहीत आहे. पंधरा सेकंदांच्या आत तीन गोळे टाकणारी बोफोर्स तोफ होती ती. त्या आवाजाने कानाच्या आतल्या केसांसारख्या पेशी मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत, आणि आधी बारीक, उंच आवाज जातात. २००३ साली फौज सोडली तेव्हा तू दोन वर्षांची होतीस आणि तुझे बोबडे बोल तुझी आई मला मोठ्याने पुन्हा सांगत असे. शाळेत लागलो तेव्हाही मागच्या बाकांवरच्या मुलींची उत्तरे मला ऐकू येत नसत, म्हणून मी ओठ आणि चेहरे पाहायला शिकलो. गोष्ट सांगण्याचे जे काही मला येते, ते त्यातूनच आले.

एकदा जुलैत आठवीला समोच्च रेषा शिकवत होतो. पत्र्यावर पाऊस इतका कोसळत होता की सगळा वर्ग माझ्याइतकाच बहिरा झाला. मी खडू ठेवला, मुलांना फळ्याजवळ गोळा केले आणि उंचावर हवा विरळ असल्यामुळे गोळा अंदाजापेक्षा लांब कसा जातो आणि आम्हाला सगळी गणिते नव्याने कशी करावी लागली ते सांगू लागलो. कर्कटकाने बाकावर नाव कोरत मागेच बसलेल्या एका मुलाचा हात थांबला. टोक लाकडात रुतलेले, नजर माझ्यावर. मी बोलायचा थांबलो तर तोही श्वास धरून थांबला. तास संपल्याची घंटा मला ऐकू आली नाही, हे नेहमीचेच; त्या दिवशी मुलांनीही ती मला सांगितली नाही. लहानपणी रामनवमीच्या दिवसांत काळारामाच्या देवळातल्या कीर्तनात मी तुझ्या पणजोबांच्या मांडीवर झोपून जात असे, आणि आख्यान लागले की ते मला कोपराने उठवत. त्या कोपराची आठवण मला वयाच्या चाळिशीनंतर भर वर्गात झाली.

पण वर्गात मी एकोणीस वर्षे तोफेचे सांगितले, माणसाचे कधीच नाही. तोफेवरच्या माझ्या सोबत्याचे शनिवारी सांगितले. तू विचारलेस, "तो खरेच काय म्हणाला होता?"

मनू, मला माहीत नाही. दोन गोळ्यांच्या मधल्या वेळात तो माझ्याकडे वळून हसत काहीतरी बोलला, मला ऐकू आले नाही, आणि मी ऐकल्यासारखी मान हलवली. पहाटे पलीकडून आलेल्या गोळ्याने तो गेला. "गावी पत्र टाक" हे शनिवारी मी त्याच्या तोंडी घातलेले शब्द आहेत. घरी एकटाच सराव करताना कधी तो तंबाखू मागतो, कधी माझी थट्टा करतो. परक्यांना हे चालते. तू विचारशील याची मला भीती होती, म्हणून तुला सांगितले नव्हते.

बोळे वापरशील ना? थंडी असो, घाई असो, बरोबरची मुले हसोत. आणि पाय कोरडे ठेव, वरिष्ठांना उलट उत्तर देऊ नकोस, पैसे एका जागी ठेवू नकोस... पुन्हा माझा पाढा सुरू झाला, क्षमा कर. २९ एप्रिल २०२३ रोजी चेन्नईच्या त्याच अकादमीतून पहिल्या पाच मुली तोफखान्यात गेल्या, ती बातमी मी कापून तुझ्या दहावीच्या गुणपत्रिकेमागे ठेवली आहे. तुला दाखवली नाही, कारण दाखवली असती तर मी तुला तिकडे ढकलतो आहे असे झाले असते, आणि त्या रात्री देवळालीच्या बाजूने सरावाचे आवाज आले तेव्हा मी उठून खिडकी लावून घेतली होती.

आईने चिवडा दोन डब्यांत भरला आहे. लहान डबा आधी संपव, त्याचे झाकण सैल आहे. रविवारी फोन करशील तेव्हा हळू बोललीस तरी चालेल, मी उजव्या कानाला लावीन.

तुझा,
बाबा